तीस एप्रिलचा कौल

“कौल लावायचा तर नाहून, काही न खाता लावायचा. उजवी पाकळी एका गोष्टीची, डावी दुसरीची. जी आधी पडेल तो देवाचा कौल. आणि उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. पाकळी पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि तिला बोट लावायचं नाही, सुनेत्रा. कुणीच.”

माईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. तरी सणावाराला सासूबाईंचा आवाज पॅन्ट्रीच्या दारातून आल्यासारखा सुनेत्राला ऐकू यायचा. अमेरिकेतल्या डब्लिनच्या ह्या घरात देवांना पॅन्ट्रीची मधली फळी मिळाली होती. वरच्या फळीवर सिरियलचे खोके, खाली वीस पौंडी तांदळाची पिशवी, आणि मध्ये चांदीच्या ताम्हनात माईंचा शाळिग्राम. चिपळूणहून पर्समधून आलेला. कस्टमच्या माणसानं “हे काय?” विचारल्यावर उल्हासनं “स्टोन” म्हटलं, म्हणून माई दोन दिवस मुलाशी बोलल्या नव्हत्या.

आज अक्षय तृतीया होती आणि रविवारही. उद्या एक मे. अमेरिकेतल्या बारावीच्या प्रत्येक मुलानं एका कॉलेजला हो आणि बाकीच्यांना नाही कळवायची शेवटची तारीख. लेकीची, शिवांगीची दोन पाकिटं फ्रिजवर चुंबकाखाली पंधरा दिवस शेजारी-शेजारी लटकत होती. एक सहा वर्षांच्या प्रोग्रॅमचं: दोन वर्षं कॉलेज, चार वर्षं मेडिकल, मध्ये कसलीही परीक्षा नाही, पस्तीसच जागा, आणि एकदा सोडली की गेली. दुसरं मिनेसोटातल्या एका लहान कॉलेजचं. तिथे चार वर्षं भूगर्भशास्त्र करायचं, त्याच्या जोडीला मेडिकलला लागणारे विषय घ्यायचे आणि मग परीक्षा देऊन, सगळ्या देशाबरोबर रांगेत उभं राहून मेडिकलला अर्ज करायचा. मिळेल किंवा मिळणारही नाही.

पंधरा दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. शेवटी काल संध्याकाळी हर्नडनहून सात तास गाडीतून आलेल्या रत्नावन्संनी चहाचा पहिला घोट घेत फर्मान काढलं, “माईनं अशा वेळी काय केलं असतं? कौल लावला असता. लाव गं सुनेत्रा.”

सुनेत्रानं मान डोलावली. ती तशीही फार बोलत नसे. सकाळी सात वाजता तिनं अंगणातल्या क्रॅबॲपलच्या फुलाच्या दोन पांढऱ्या पाकळ्या पाण्यात बुडवून शाळिग्रामाच्या दोन अंगांना लावल्या. उजवी सहा वर्षांची, डावी मिनेसोटाची. मग पाटावर बसली, डोळे मिटले आणि रोजच्या अकरा माळांतली पहिली हातात घेतली.

*

“फॅन नको!” उल्हास कुजबुजत ओरडला.

रत्नाआत्यांनी शेगडीवरच्या पंख्याच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. “अरे, कांदा परततेय मी.”

“वारा जातो पॅन्ट्रीत. मी फर्नेस बंद केलंय, डिशवॉशर बंद केलाय. प्रोसेस बिघडायला नको.”

“मग पोहे कच्च्या कांद्याचे खा.”

आत्या ह्या घरात थोरल्या. भावापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आणि आवाजानं त्याहून बऱ्याच. त्यांचा निमिष अशाच सहा वर्षांच्या प्रोग्रॅमच्या दुसऱ्या वर्षाला होता. हर्नडनच्या मराठी मंडळात त्या आता नुसत्या रत्ना नव्हत्या, ‘त्या डॉक्टरच्या आई’ होत्या. डॉक्टर व्हायला अजून चार वर्षं आहेत ही गोष्ट फक्त निमिषच्या लक्षात होती.

“दगड!” त्या पोह्यांत हळद टाकत म्हणाल्या. “चार वर्षं दगड शिकून डॉक्टर? कसली, मुतखड्याची?”

निमिष संत्र्याच्या रसात हसला आणि त्याला ठसका लागला.

“हळू!” उल्हास.

“आणि तेही मिनेसोटात. ऑक्टोबर ते एप्रिल बर्फ. दगड दिसणार तरी कधी हिला?”

“आत्या, देअर आर लॅब्ज,” शिवांगी म्हणाली. ती टेबलाच्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि पोह्यांतले शेंगदाणे एका रांगेत लावत होती. “आणि मेजर काहीही असलं तरी चालतं. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, इंग्लिश एवढं करायचं. मग एमकॅटची परीक्षा.”

“आणि नाही मिळालं तर?”

शिवांगीनं एक शेंगदाणा खाल्ला. “तर नाही मिळालं.”

“ऐकलंस, उल्हास? तर नाही मिळालं म्हणे! जसं काही सिनेमाचं तिकीट.”

“ताई, माझं ॲनालिसिस फ्रिजवरच आहे,” उल्हास म्हणाला. होतंच. सोळा निकष, प्रत्येकाला भार, शेवटी बेरीज. सहा वर्षांचा प्रोग्रॅम सत्त्याऐंशी, भूगर्भशास्त्र एक्केचाळीस. “आकडे बोलतात.”

“मग देवाला कशाला उठवलंत?” निमिषनं विचारलं.

मामा आणि आई दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं किल्ल्या उचलल्या. “मामीनं लिहून ठेवलंय, कैऱ्या आणि नारळ आणायचेत. मी इंडियन स्टोअरला जाऊन येतो. मामा, गॅरेजचं दार उघडू की खिडकीतून जाऊ?”

“पुढच्या दारानं जा. माझी गाडी ड्राइव्हवेवर आहे, ती घे.”

साडेनऊला आत्या साखर आणायला म्हणून पॅन्ट्रीत शिरल्या. साखर बाहेर ओट्यावर होती, पण ते असो. सुनेत्रा डोळे मिटून बसलेली. ओठ हलताहेत, मणी सरकताहेत. आत्यांनी मान पुढे काढली. डावी पाकळी सुकत आली होती. तिची एक कड दगडापासून सुटून उभी राहिली होती. मिनेसोटा आता पडणार, पाच मिनिटांत पडणार.

आत्यांनी देवाला आधी नमस्कार केला. पोरीचं भलं व्हावं एवढंच आहे हो, मनात काही काळंबेरं नाही. मग पंचपात्रात बोट बुडवलं आणि डाव्या पाकळीवर एक थेंब सोडला. पाकळी पुन्हा बसली. कौल बदलला असं काही नाही, त्यांनी स्वतःला बजावलं. थोडा वेळ मागून घेतला देवाकडून. आणि त्या साखर न घेताच बाहेर आल्या.

*

उल्हास सव्वादहाला गेला. त्याला फक्त बघायचं होतं.

काल संध्याकाळी तो शिवांगीला जेवायला बोलवायला तिच्या खोलीत गेला होता. ती खाली कार्पेटवर बसून अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत दगड भरत होती. एकेका खळग्यात एकेक, खाली कापूस, वर बारीक अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. घरामागच्या ओढ्यातून सात वर्षांत गोळा केलेले शिंपले, पोवळी आणि कसले कसले दगड झालेले जीव. खोक्यांच्या झाकणांवर मार्करनं लिहिलं होतं, ‘गॅरेज सेल.’

“हे काय?” त्यानं विचारलं होतं.

“इट्स फाइन, बाबा. कौल सहा वर्षांचा आला तर ह्यांना वेळ नाही मिळणार. अर्धवट नको.” आणि तिनं वर पाहिलंच नव्हतं.

ते सोळा निकषांत कुठे बसवायचं हे त्याला रात्रभर सुचलं नव्हतं.

आता तो पॅन्ट्रीत वाकून उभा होता. डावी पाकळी ताजी टवटवीत, घट्ट चिकटलेली. उजवी मात्र घसरत चालली होती. दोन केसांएवढी खाली आली होती. सहा वर्षं, एमडी, पस्तीस जागांतली एक. ह्याच पाकळीसाठी त्यानं फर्नेस बंद केलं होतं. ती पडली की झालं. सुनेत्रा डोळे उघडेल, ताई पेढे काढेल.

त्यानं पाहिलं तर स्वतःचं बोट पंचपात्रात होतं. “सॉरी,” तो देवाला इंग्रजीत म्हणाला आणि उजव्या पाकळीवर थेंब सोडून, गुडघे वाजवत बाहेर पडला.

साडेदहाला आणि अकराला आत्या पुन्हा गेल्या. सव्वाअकराला उल्हास. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर आले की म्हणत, “अजून नाही?” “अजून नाही!” आणि देवाच्या शांतपणाचं दोघांनाही फार आश्चर्य वाटे.

*

साडेअकराला शिवांगी आली ती पाकळ्यांकडे न बघता आईशेजारी तांदळाच्या पिशवीवर बसली.

“आई, तू बोलू नकोस. म्हणजे, तू बोलूच शकत नाहीस. दॅट्स व्हाय आय केम.”

सुनेत्राच्या बोटांत सातवी माळ होती. मणी थांबला नाही, पण हळू झाला.

“मला डॉक्टर व्हायचंय. ते पक्कं आहे. तुम्हा सगळ्यांना वाटतं मला दगडांमुळे व्हायचं नाहीये. नो. पण आई, सतराव्या वर्षी सगळं सील करून हातात दिलं की... मग ते मी मिळवलं की मला मिळालं, हे मला कधी कळणारच नाही. मला एकदा हरायचा चान्स हवाय. हे बाबांच्या शीटवर नाहीये.”

बाहेर आत्या आणि उल्हास कुठल्याशा डब्याच्या झाकणावरून वाद घालत होते.

“आणि दगडांचं तूच सुरू केलंस. मी आठ वर्षांची होते. तू मला हा शाळिग्राम पुसायला दिला होतास आणि माई आजी ओरडली होती, मुलींनी हात लावायचा नाही म्हणून. तू म्हणाली होतीस, ‘असू दे माई, तिला चक्र बघू दे.’ ते चक्र, आई... तो समुद्रातला जीव होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी. अमोनाइट म्हणतात. तुझा देव आधी पोहायचा.”

मणी थांबला.

“तुला राग आला का? आय डोन्ट मीन तो देव नाही. मला उलट वाटतं, की... जाऊ दे. जे पडेल ते मी करीन, रडणार नाही. पण एक प्रॉमिस हवंय. तू सात वर्षांत एकदाही ओढ्यावर आली नाहीस. चिखल असतो, साप असतात, मला माहितीय. पण मी जे सोडायचं किंवा घ्यायचं ते तू एकदा बघ. आजच, एनी वे. नुसती मान हलव.”

सुनेत्रानं डोळे उघडले नाहीत. पण मान हलवली. मग रुद्राक्षाच्या माळेसकट तिचा हात मुलीच्या डोक्यावर क्षणभर टेकला आणि परत मांडीवर आला. शिवांगी नाक पुसत मागच्या दारानं बाहेर निघून गेली.

*

बाराला दहा कमी असताना निमिष परत आला. एका हातात कैऱ्यांची पिशवी, काखेत दोन नारळ. पुढचं दार उघडायची खटपट नको, म्हणून त्यानं उतरता उतरताच मामाच्या गाडीतलं गॅरेजचं बटण दाबलं होतं.

गॅरेजचं दार खडखडत वर गेलं. पॅन्ट्रीची मागची भिंत गॅरेजचीच होती. सिरियलचे खोके थरथरले, घंटी किणकिणली, आणि दोन्ही पाकळ्या, पाण्यानं जड झालेल्या, एकदम ताम्हनात पडल्या. टप्. आवाजही एकच झाला.

“पडला!” आत्या धावल्या. “कुठली? कुठली गं?”

“दोन्ही,” सुनेत्रा म्हणाली. सात वाजल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

“दोन्ही कशा? उल्हास, दोन्ही म्हणजे काय?”

“टाय,” उल्हास म्हणाला.

“मग पुन्हा लाव, सुनेत्रा. बेस्ट ऑफ थ्री.”

निमिष कैऱ्या घेऊन दारात उभा होता. “माझ्यामुळे झालं का?”

सुनेत्रा पाटावरून उठली. पाय जड झाले होते, भिंतीला धरून उभी राहिली. तिनं दोन्ही पाकळ्या ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावल्या. मग अगदी नेहमीच्या, हळू आवाजात म्हणाली, “पुन्हा नाही लावायचा. देवानं सांगितलं. तो म्हणतोय, मला तुमच्यात घेऊ नका.”

“असं कसं म्हणेल तो?”

“वन्सं, साडेनऊ वाजता त्यानं डावी सोडली होती. तुमच्या बांगड्या वाजल्या आणि ताम्हनात डाव्या अंगाला पाणी टपकलं. मी डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले.”

आत्यांनी पदर सावरला. “एकच थेंब.”

“तीनदा. आणि अहो, तुमचे गुडघे सव्वादहाला वाजले. मग सव्वाअकराला. पाणी उजव्या अंगाला.”

आत्यांचं गणित आधी जुळलं. “उजवी? अरे, उजवी तर आपली! सहा वर्षांची! तू आपलीच धरून ठेवलीस?”

“हो.”

“सत्त्याऐंशी मार्कांची?”

“ताई, ती दगड विकायला काढतेय,” उल्हास म्हणाला. “चिठ्ठ्या लावून. अंड्यांच्या खोक्यांत.”

“म्हणून देवाच्या पाकळीला पाणी लावायचं? कौलात ढवळाढवळ? माई असती तर—”

“तू तीनदा लावलंस!”

“मी मोठी आहे! आणि मी काय पहिल्यांदा...” आत्या थांबल्या. फार उशिरा थांबल्या.

“पहिल्यांदा म्हणजे?”

“काही नाही. निमिष, कैऱ्या धू.”

“ताई, पहिल्यांदा म्हणजे काय?”

आत्यांनी शाळिग्रामाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. कुणीही मदतीला आलं नाही. “एकोणऐंशी साली,” त्या भिंतीशी बोलल्यासारख्या बोलल्या, “तुझा कौल माईनं लावला. दापोलीचं शेतकी कॉलेज की सांगलीचं इंजिनियरिंग. माई दूध उतू गेलं म्हणून उठली. मला म्हणाली, लक्ष ठेव. मी फुंकली.”

“काय फुंकली?”

“पाकळी! सांगलीची! मला बघायला आलेल्या लोकांना मी सांगून बसले होते, भाऊ इंजिनियर होतोय म्हणून. ते आठ दिवसांनी परत येणार होते. काय सांगणार होते मी, भेंडी लावतोय?”

उल्हास खुर्चीत बसला. “सत्तावीस वर्षं,” तो म्हणाला. “सत्तावीस वर्षं मी देवाची इच्छा म्हणून आधी थर्मोडायनॅमिक्स केलं आणि मग कोबोलचं कोडिंग. दर सोमवारी सकाळी मीटिंगला जाताना मनात म्हणतो, त्याची इच्छा! ताई, ती तुझी फुंकर होती?”

“घर आहे, दोन गाड्या आहेत. काय वाईट झालं?”

“वाईट काही नाही झालं गं! पण मला विचारलं असतंस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणूनच विचारायचं असतं, आई,” निमिष म्हणाला. तो सिंकमध्ये कैऱ्या धुत होता आणि त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. “मला माझा प्रोग्रॅम आवडतो. खरंच आवडतो. मला विचारलं असतं तरी मी हेच निवडलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही. कधीकधी रात्री अभ्यास करताना मी स्वतःलाच विचारतो आणि हो म्हणतो. जरा वेडपट वाटतं, यार.”

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकदम कामाला लागल्यासारख्या त्या फ्रिजपाशी गेल्या आणि चुंबकाखालून मिनेसोटाचं पाकीट ओढून काढलं.

“उल्हास, सही कुठे करायची?”

“ताई?”

“आज अक्षय तृतीया आहे. आज केलेलं संपत नाही. उद्या पोस्टाचा शिक्का पाहिजे ना? मग आज भर. आणि तो दुसरा नकाराचा कागदही भर, पस्तिसातली जागा दुसऱ्या कुणाच्या पोराला तरी मिळेल. त्याची आई वाट बघत असेल.” त्यांनी नाक ओढलं. “माझं मत बदललेलं नाही. नाही मिळालं मेडिकल, तर मी बोलणार आहे. आत्ताच सांगून ठेवते.”

“बोल,” उल्हास म्हणाला. तो फ्रिजवरचा सोळा निकषांचा कागद काढून घडी घालत होता. “शिवांगीला बोलवा. सही तिची लागते.”

शिवांगी आली, गुडघ्यापर्यंत चिखल. तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिनं आधी बाबांना मिठी मारली, मग आत्यांना, आणि आत्यांच्या नऊवारीसारख्या चापूनचोपून नेसलेल्या साडीला चिखल लागला, त्यावर त्या चक्क काही बोलल्या नाहीत. सही झाली. आत्यांनी ओट्यावरच्या वाटीत बोट बुडवलं, पाकिटाची कड ओली केली आणि दाबून चिकटवली. सगळ्यांच्या देखत.

“उद्या ऑफिसला जाताना मी स्वतः पोस्टात टाकीन,” उल्हास म्हणाला.

“मी बरोबर येईन,” आत्या म्हणाल्या. “तुझा भरवसा नाही.”

*

चार वाजता हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. डाळ वाटून झाली होती, कैरी किसून झाली होती, पन्हं गार व्हायला ठेवलं होतं. सुनेत्रानं राहिलेल्या चार माळा पुऱ्या केल्या आणि दोन घास खाल्ले.

दिवाणखान्यात बहीण-भाऊ भांडत होते. दापोलीला गेला असता तर आज हापूसची बाग असती, असं उल्हासचं म्हणणं होतं. आणि आंबे अमेरिकेत आणू देत नाहीत, मग इथे येऊन काय केलं असतंस, असं आत्यांचं. निमिष सोफ्यावर झोपला होता. शिवांगी पुन्हा बाहेर गेली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, कुंपणापलीकडच्या उतारावर, झाडांमध्ये तिचा लाल स्वेटर मधूनमधून दिसत होता.

सुनेत्रानं मागच्या दाराशी पडलेले उल्हासचे रबरी बूट घेतले. पाय आत दोन बोटं हलत होते. तिनं हळदीकुंकवासाठी नेसलेल्या साडीच्या निऱ्या उचलून कमरेला खोचल्या, एकदा मागे वळून पाहिलं आणि काचेचं दार हातानं धरून, आवाज न होऊ देता, सरकवलं.

“सुनेत्रा!” आतून आत्यांची हाक आली. “डाळीला फोडणी दिलीस का गं? सुनेत्रा?”

ती डेकच्या तीन पायऱ्या उतरली होती. गवत ओलं होतं, बूट प्रत्येक पावलाला पचपच करत होते. सापाचा विचार मनात आला तसं तिनं नाम घेतलं, काठी म्हणून एक वाळकी फांदी उचलली आणि ओढ्याच्या आवाजाच्या दिशेनं उतार उतरू लागली.